फळांच्या क्राफ्ट बिअरची तुलना कशाच्या आधारे करावी?

गोदाकाठ

नमस्कार मंडळी,

नाशिकमध्ये गंगापूर रोडच्या बाजूला राहणाऱ्या आमच्या मित्रमंडळींची जीभ वाइनवर घडलेली आहे. शहराच्या वेशीवरच द्राक्षमळे आणि वायनरी असल्यामुळे शेनिन ब्लां कोणती आणि सोव्हिन्यों ब्लां कोणती, हे पेला नाकाशी नेताच ओळखण्याइतका सराव आम्हांला झाला आहे आणि त्याविषयी बोलायला लागणारे शब्दही आमच्याकडे आहेत. अलीकडे आम्ही फळांच्या क्राफ्ट बिअरकडे वळलो आहोत आणि तेथे हे शब्द अपुरे पडत आहेत.

मागच्या बैठकीत आम्ही आंब्याची गव्हाची बिअर, जांभळाची आंबट बिअर, डाळिंबाची एल (बिअरचाच एक प्रकार) आणि स्ट्रॉबेरीची एक फिकट बिअर अशा चार बिअर समोर ठेवल्या होत्या. चव घेऊन झाल्यावर गुण द्यायचे ठरले होते, पण गुण नेमके कशाला द्यायचे यावरच एकमत होईना. काहींच्या मते जिच्यात फळ सर्वांत ठळक जाणवते ती बिअर उत्तम. इतरांचे म्हणणे असे, की फळच हवे असेल तर रस प्यावा. बिअरमध्ये बिअर उरली पाहिजे. मी या दुसऱ्या मताचा आहे, परंतु त्याला आधार काय, हे मला नीट मांडता आले नाही.

आंब्याच्या बिअरला वास हापूसचा होता, पण घोट घेतल्यावर आंबा जवळजवळ नाहीसा झाला. हा दोष मानावा का? शिवाय त्याच बैठकीत कोणतेही फळ न घातलेल्या एका बिअरला पिकलेल्या केळ्याचा स्पष्ट वास येत होता, तो कोठून आला असेल? आणि वाइन चाखण्याची आमची पद्धत येथे जशीच्या तशी चालते, की तीत काही बदल करावा लागतो? जाणकारांनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

माल्टघर

आपला प्रश्न महत्त्वाचा आहे आणि मी बिअर बनवण्याच्याच व्यवसायात असल्यामुळे थोडे विस्ताराने लिहितो.

पहिली गोष्ट अशी, की फळाच्या बिअरकडे पाहताना फळ क्षणभर बाजूला ठेवावे आणि त्याखालची बिअर कोणती आहे ते आधी विचारावे. गव्हाची बिअर, आंबट बिअर, फिकट एल आणि काळी, भाजलेल्या धान्याची स्टाउट ही चार वेगवेगळी जोती आहेत. त्यांवर एकच फळ घातले तरी चार वेगळ्या चवी तयार होतात. अमेरिकेत सुरू झालेल्या आणि आता जगभर वापरल्या जाणाऱ्या बीजेसीपी या परीक्षण-पद्धतीत फळांच्या बिअरसाठी स्वतंत्र वर्ग आहे आणि तेथेही फळ व मूळ बिअर यांचा मेळ कसा बसला आहे, यालाच महत्त्व दिले जाते. त्या गुणपत्रिकेत ५० पैकी १२ गुण गंधाला, ३ रूपाला, २० चवीला, ५ तोंडातल्या पोताला आणि १० एकूण परिणामाला असतात. फळ किती ठळक आहे यासाठी वेगळा रकाना नाही, हे आपल्या मित्रांना जरूर दाखवावे. तुमच्या म्हणण्याला हा एक आधार आहे.

आता आंबा. पिकलेला हापूस खाताना आपल्याला जो 'आंबा' कळतो, त्यात गोडीचा वाटा फार मोठा असतो. आंब्याचा गर बिअरमध्ये गेला की त्यातली साखर, म्हणजे सुक्रोज, ग्लुकोज आणि फ्रुक्टोज, यीस्ट जवळजवळ पूर्ण खाऊन टाकते. तिचे अल्कोहोल होते आणि कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. हा वायू निघून जाताना गराचा बराचसा सुगंधही सोबत घेऊन जातो. मागे उरते ते फळाचे आम्ल, थोडा गंध आणि कोयीजवळच्या गराला असतो तसा चिकाचा, राळेसारखा एक सूर. नाकाला आंबा कळतो, पण जिभेला गोडी न मिळाल्यामुळे मेंदूची खात्री पटत नाही. त्यामुळे तुमच्या बिअरला वास होता आणि चव कोरडी होती, याचा अर्थ बहुधा खरा गर वापरून फर्मेंटेशन पूर्ण होऊ दिले होते, असाच होतो. हा दोष नाही. उलट जी बिअर पहिल्या घोटापासून शेवटच्या घोटापर्यंत आमरसासारखी गोड लागते, तिच्यात फर्मेंटेशननंतर सिरप किंवा अर्क घातला असण्याची शक्यता अधिक असते. कधी कधी लॅक्टोजही घातलेले असते, कारण दुधातली ही साखर बिअरच्या यीस्टला पचत नाही आणि म्हणून शिल्लक राहते. लॅक्टोज घालणे ही फसवणूक नव्हे, ती एक शैली आहे. मात्र तुलना करताना अशी बिअर कोरड्या बिअरशेजारी ठेवणे अन्यायाचे होते.

सुगंध टिकवण्यासाठी गर सहसा मुख्य फर्मेंटेशन संपत आल्यावर घालतात, कारण तेव्हा वायूचा जोर ओसरलेला असतो. फळ गोठवलेले असले तरी बिघडत नाही. गोठल्यामुळे त्याच्या पेशी फुटतात आणि रस व रंग अधिक सहज सुटतो. त्यामुळे जून-जुलैत येणाऱ्या जांभळाची बिअर डिसेंबरात मिळाली तर लगेच संशय घेऊ नये.

केळ्याच्या वासाचे उत्तर यीस्टमध्ये आहे. बव्हेरियन पद्धतीच्या गव्हाच्या बिअरसाठी वापरले जाणारे यीस्ट आयसोअमाइल ॲसिटेट तयार करते आणि पिकलेल्या केळ्याच्या गंधातील मुख्य घटकही तोच आहे. त्याच बिअरमध्ये लवंगेचा वास आला तर तोही यीस्टचाच. बिअरला कडवटपणा आणि गंध देणाऱ्या हॉप्सच्या फुलांचेही तसेच आहे. सिट्रा आणि मोझॅक या अमेरिकन जाती किंवा ऑस्ट्रेलियाची गॅलक्सी वापरली, तर फळाचा कणही न घालता आंबा, पॅशनफ्रूट आणि संत्र्याचे गंध येतात. म्हणून प्रत्येक बिअरपुढे प्रथम हे लिहावे, की जाणवलेले फळ फळातून आले आहे, यीस्टमधून की हॉप्समधून. या एका नोंदीने तुमच्या निम्म्या वादांचा निकाल लागेल, असे मला वाटते.

द्राक्षबाग

मी एका वायनरीच्या चाचणी विभागात काम करते, त्यामुळे पद्धतीविषयीच्या प्रश्नाला उत्तर देते. तुमची वाइनची शिस्त बरीचशी उपयोगी पडेल. पण काही ठिकाणी ती बदलावी लागेल.

सर्वांत आधी रंग लपवा. डाळिंब, जांभूळ आणि स्ट्रॉबेरी या तिन्ही बिअरचा रंग डोळ्यांत भरणारा असतो आणि रंग दिसला की नाक त्याच्या मागे धावते. बोर्डो येथील संशोधकांनी २००१ साली प्रसिद्ध केलेला एक प्रयोग आमच्या क्षेत्रात सर्वांना ठाऊक आहे. पांढऱ्या वाइनमध्ये गंधहीन लाल रंग मिसळून ती वाइनशास्त्राच्या विद्यार्थ्यांना दिली, तेव्हा त्यांनी तिचे वर्णन लाल वाइनच्या शब्दांत केले. शिकलेल्या नाकांची ही गत असेल, तर आपण सावध राहायलाच हवे. स्टीलचे पेले किंवा गडद रंगाचे काचेचे पेले घ्या आणि ओतणारी व्यक्ती चाखणाऱ्यांत नको. रूपाचे गुण सर्वांत शेवटी, स्वच्छ पेल्यात ओतून द्यावेत.

दोन बिअरमधला फरक खरोखर जाणवतो आहे की भास होतो आहे, हे तपासायचे असेल तर तीन पेले ठेवा. दोन पेल्यांत एकच बिअर आणि तिसऱ्यात दुसरी. वेगळा पेला कोणता, एवढेच विचारा. तो ओळखता येत नसेल, तर त्या दोन बिअरना वेगवेगळे गुण देण्यात अर्थ नाही.

तापमानाकडे विशेष लक्ष द्या. आपल्याकडे बिअर अतिशय थंड देण्याची पद्धत आहे आणि एप्रिलमध्ये नाशिकचा पारा चढला की ते बरेही वाटते. परंतु तीन-चार अंशांवर फळाचा गंध झाकला जातो, गोडी कमी जाणवते आणि उरतो तो फक्त गारवा. हलक्या गव्हाच्या आणि आंबट बिअर सात-आठ अंशांवर, तर जड आणि मुरवलेल्या बिअर बारा अंशांच्या आसपास चाखाव्यात. पेला दोन्ही तळहातांत धरून थोडा वेळ थांबले तरी पुष्कळ फरक पडतो. एकाच पेल्याची नोंद थंड असताना आणि कोमट होऊ लागल्यावर अशी दोनदा करावी. सिरपची बिअर कोमट झाली की उघडी पडते, असा माझा अनुभव आहे.

वाइन चाखताना आपण घोट थुंकतो. बिअरमध्ये कडवटपणा आणि घशाकडे रेंगाळणारी चव हा परीक्षणाचाच भाग असल्यामुळे घोट गिळावा लागतो. म्हणून माप लहान ठेवा. प्रत्येकाला साठ ते नव्वद मिलिलिटर पुरेसे आहे. एका बैठकीत पाच-सहा बिअरपेक्षा पुढे जाऊ नये आणि परतताना कोणीही स्वतः गाडी चालवू नये. मध्ये साधे पाणी आणि पाव ठेवा. शेंगदाणे, चिवडा किंवा झणझणीत काही नको, कारण मीठ आणि तिखट यांमुळे पुढच्या तीन घोटांची चव बिघडते.

गोदाकाठ

माल्टघर, द्राक्षबाग, आपले दोघांचेही मनापासून आभार. स्टीलच्या पेल्यांची सूचना लगेच अमलात आणतो.

जांभळाच्या बिअरविषयी एक शंका उरली आहे. ती इतकी आंबट होती, की गटातील दोघांनी ती खराब झाली आहे असे ठरवून पेला बाजूला ठेवला. मुद्दाम आणलेला आंबटपणा आणि बिघडल्यामुळे आलेला आंबटपणा यांत फरक कसा करायचा? आणि एका मित्राने परदेशातून आणलेली चेरीची बेल्जियन बिअर आम्हांला सरबतासारखी गोड लागली होती. बेल्जियमच्या फळांच्या बिअरची एवढी ख्याती असताना असे का व्हावे?

पंचवटीकर

नोकरीनिमित्त माझे वास्तव्य काही वर्षे ब्रसेल्समध्ये होते, त्यामुळे चेरीच्या बिअरबद्दल लिहितो.

ब्रसेल्स आणि त्याच्या नैर्ऋत्येचा पायोटेनलँड हा भाग लँबिक या बिअरचे माहेर आहे. तिच्यात माल्टसोबत, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या धान्यासोबत, कच्चा गहू असतो, हॉप्स जुने असतात आणि उकळलेला रस रात्रभर उथळ, उघड्या हौदात गार होऊ देतात. हवेतले आणि लाकडी पिंपांतले यीस्ट व जिवाणू मिळून पुढे ती आंबवतात. हे काम थंडीच्या महिन्यांतच केले जाते, कारण उन्हाळ्यात हवेतल्या नको त्या जिवाणूंचे प्रमाण वाढते. अशी लँबिक पिंपात मुरल्यावर तिच्यात आंबट चेरी घातल्या, की ती क्रीक होते. रास्पबेरी घातल्या, तर फ्रांबोआज. १९०० साली स्थापन झालेली काँतियों ही ब्रसेल्समधील ब्रुअरी आजही या पद्धतीने काम करते आणि तेथे जाऊन पिंपे, हौद व सगळी जुनी यंत्रे पाहता येतात. त्या क्रीकमध्ये चेरी भरपूर असूनही गोडी अजिबात नसते, कारण महिनोन्‌महिने मुरताना साखर संपून जाते. चेरीच्या बियांमुळे तिला बदामासारखा मंद वास येतो. तुमच्या मित्राने आणलेली बाटली बहुधा गोड केलेल्या प्रकारातली असावी. तो प्रकार बेल्जियममध्येही मोठ्या प्रमाणावर विकला जातो आणि परदेशी जाणाऱ्या बाटल्यांत त्याचाच भरणा अधिक असतो. लेबलवर 'आउडे क्रीक' असे छापलेले असेल, तर ती पारंपरिक, कोरडी आणि चांगलीच आंबट बिअर असते. तिला युरोपीय संघाचे संरक्षण आहे.

गोडीला नाक मुरडण्याचेही कारण नाही. बर्लिनमध्ये बर्लिनर वाइसे ही हलकी, आंबट गव्हाची बिअर रास्पबेरीचे लाल किंवा वुडरफ या वनस्पतीचे हिरवे सिरप घालून पसरट पेल्यात देतात. तेथे सिरप ग्राहकाच्या डोळ्यांदेखत पडते आणि त्याला काय मिळते आहे ते त्याला ठाऊक असते. माझा आक्षेप फक्त सिरप घालून 'ताज्या फळाची' म्हणून विकण्याला आहे आणि तो आक्षेप मी ठामपणे घेतो.

माल्टघर

पंचवटीकरांच्या लिहिण्यात आंबटपणापुरती भर घालतो. आपल्याकडच्या बहुतेक आंबट बिअर लँबिकच्या मार्गाने जात नाहीत. हॉप्स घालून उकळण्याआधीच वर्टमध्ये, म्हणजे माल्टच्या न आंबवलेल्या गोड रसात, लॅक्टोबॅसिलस हे जिवाणू सोडतात, एक-दोन दिवसांत ते हवे तितके आंबट होते आणि मग उकळून जिवाणूंचे काम थांबवतात. हा लॅक्टिक आंबटपणा ताकाच्या जातीचा असतो. तो जिभेच्या कडांना जाणवतो, पण नाकात घुसत नाही. बिघडलेल्या बिअरचा आंबटपणा अनेकदा ॲसेटिक, म्हणजे व्हिनेगरचा असतो. तो पेला तोंडाशी येण्याआधीच नाकाला झोंबतो आणि घोट घेतल्यावर घशाला चरचरतो. मंद ॲसेटिक सूर लँबिकमध्ये क्षम्य असतो, जांभळाच्या ताज्या आंबट बिअरमध्ये नव्हे. तुमच्या मित्रांना दुसरीच गोष्टही खटकली असू शकते. जांभूळ मुळात तुरट आहे. आंबट आणि तुरट एकत्र आले की तोंड आवळते आणि पुष्कळांना ते बिघाडाचे लक्षण वाटते. नोंद करताना 'आंबट' आणि 'तुरट' हे दोन वेगळे रकाने ठेवा.

आणखी एक दोष सांगतो, कारण फळांच्या बिअरमध्ये तो हमखास सुटून जातो. फर्मेंटेशन अपुरे राहिले तर ॲसिटाल्डिहाइड शिल्लक राहते आणि त्याचा वास कच्च्या हिरव्या सफरचंदासारखा असतो. सफरचंद किंवा पेरू घातलेल्या बिअरमध्ये लोक त्याचे कौतुक करतात! स्ट्रॉबेरीच्या बिअरला हिरव्या सफरचंदाचा वास आला, तर मात्र शंका घ्यावी. तसेच लोण्याचा वास आला, तर तो डायअसिटिलचा. फळाच्या बिअरमध्ये त्याला जागा नाही.

डाळिंबाबद्दल माझे मत थोडे कठोर आहे. सटाणा-मालेगाव भागातले भगवा जातीचे डाळिंब खायला अप्रतिम. पण डाळिंबाला स्वतःचा गंध फार कमी असतो. बिअरमध्ये त्याचा रंग आणि किंचित तुरटपणा उतरतो, बाकी फारसे काही नाही. त्यामुळे डाळिंबाच्या बिअरला गंधाचे गुण कमी मिळाले तर बनवणाऱ्याला बोल लावू नये, आणि फारच जास्त मिळाले तर अर्काचा वापर झाला आहे का, ते विचारावे. कोकम याच्या उलट आहे. आंबट गव्हाच्या बिअरमध्ये चिमूटभर मिठासह घातलेले कोकम आमटीतल्या आमसुलासारखे असते. वेगळे काढून दाखवता येत नाही, पण नसले की लगेच कळते. जर्मनीतील गोझे या मीठ आणि धणे घातलेल्या आंबट बिअरशी त्याचे चांगले जमते.

दिंडोरीचा मळा

मी द्राक्ष उत्पादक आहे. इतकी चर्चा नाशिकमध्ये होते आहे आणि द्राक्षाचे नाव अजून कोणी घेतले नाही, म्हणून लिहितो. द्राक्षाची बिअर असते का, आणि आमचे थॉमसन सीडलेस त्यात चालेल का?

द्राक्षबाग

होय, असते. इटलीत वाइनच्या द्राक्षांचा रस बिअरच्या वर्टसोबत आंबवून बनवलेली बिअर गेल्या दोन दशकांत चांगली रुजली आणि बीजेसीपीच्या बिअर-शैलींच्या मार्गदर्शिकेच्या २०२१ च्या आवृत्तीत ग्रेप एल हा तिचा वेगळा प्रकार नोंदलेला आहे. थॉमसन सीडलेस मात्र त्यासाठी मी सुचवणार नाही. खाण्याच्या या द्राक्षात साखर भरपूर, पण आम्ल आणि गंध कमी असतो. माल्टघरांनी आंब्याबाबत सांगितले तेच येथे घडेल : साखर जाईल आणि मागे फारसे काही उरणार नाही. मस्कत जातीची द्राक्षे किंवा सोव्हिन्यों ब्लां यांना स्वतःचा भक्कम गंध असतो, तो फर्मेंटेशननंतरही टिकतो. आपल्याकडे पिकणारी शेनिन ब्लांही तिच्या आम्लामुळे गव्हाच्या बिअरला शोभेल, असे मला वाटते. जवळचा एक अनुभव घ्यायचा असेल, तर नाशिकच्याच सेराना मीड्सची शेनिन ब्लां घातलेली मीड चाखून पाहावी. ती मधापासून बनते, बिअर नव्हे. पण साखर संपल्यावर द्राक्षाचे काय उरते, हे तिच्यातून समजते. घरी प्रयोग करण्याचा विचार असेल, तर तो परवान्याशिवाय कायद्यात बसत नाही, एवढे लक्षात असू द्यावे. एखाद्या परवानाधारक ब्रुअरीला आपल्या मळ्यातली द्राक्षे देऊन पाहणे हा सरळ मार्ग आहे.

गोदाकाठ

सर्वांच्या उत्तरांवरून पुढच्या बैठकीची मांडणी अशी ठरवली आहे. चार वेगळी फळे एकदम न ठेवता जोड्या लावणार आहोत. पहिल्या जोडीत साधी गव्हाची बिअर आणि त्याच ब्रुअरीची आंब्याची गव्हाची बिअर, म्हणजे फळाने काय दिले आणि काय झाकले ते कळेल. दुसरीत दोन वेगवेगळ्या ठिकाणच्या जांभळाच्या आंबट बिअर. शेवटी आउडे क्रीक मिळाली तर ती, आणि तिच्याशेजारी गोड केलेली क्रीक. हा क्रम योग्य आहे का?

द्राक्षबाग

जोड्या उत्तम आहेत. क्रमही जवळजवळ बरोबर आहे, फक्त गोड क्रीक अगदी शेवटी ठेवा. तिच्यानंतर आउडे क्रीक घेतली, तर ती आहे त्याहून कितीतरी आंबट लागेल आणि तिच्यावर अन्याय होईल. ड्राफ्टच्या बिअरचा केग, म्हणजे पिंप, कधी उघडला, तेही विचारून लिहून ठेवा, कारण फळाचा गंध सर्वांत आधी उडतो आणि आठवडाभर जुन्या केगची तुलना कालच्या केगशी करता येत नाही.